निगुरा शिकारी आणि मागाची विद्या : महाबळेश्वरच्या रानातील एका अर्थांतराचा इतिहास

मृगयेची विद्या परंपरेने घराण्यात चालणारी विद्या होय. बापामागून चालता चालता मुलगा ती उचलीत असे. तिची शाळा नव्हती, पोथी क्वचितच होती, आणि परीक्षा मात्र रोज होती. ज्याला कोणी शिकविणाराच भेटला नाही, अशा माणसाला मराठी संतपरंपरेने ‘निगुरा’ असा एक तिखट शब्द दिला आहे. त्याचा रोख पारमार्थिक गुरूकडे असला तरी तो रानालाही लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात महाबळेश्वरच्या पठारावर अशा निगुऱ्यांचा एक नवाच वर्ग येऊन दाखल झाला. त्यांच्यापाशी बंदूक होती, सवड होती, ग्रंथ होते. नव्हता तो शिकविणारा. निदान त्यांच्या स्वतःच्या लेखनावरून तसे वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात मुख्यतः शब्दांच्या साक्षीने करावयाची आहे. कारण शिकविणाऱ्याचे नाव कागदावर राहिले नाही तरी त्याने दिलेले शब्द पुष्कळदा मागे राहतात.

मराठीत या व्यवसायाला तीन नावे आहेत, आणि ती तीन वेगळ्या थरांतून आली आहेत. ‘मृगया’ हा संस्कृत शब्द ग्रंथांत राहिला. ‘पारध’ हा बोलीत मुरलेला शब्द. ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारातून उतरला आणि हळूहळू पारधीला बाजूस सारून बसला. पैकी पारधीची व्युत्पत्ती मोठी उद्बोधक आहे. संस्कृतातील ‘पापर्द्धि’ म्हणजे पापाची समृद्धी, या शब्दापासून प्राकृतात ‘पारद्धि’ झाले. हेमचंद्राला या रूपातील रकारासाठी आपल्या प्राकृत व्याकरणात स्वतंत्र सूत्र करावे लागले. पुढे मराठीत ‘पारध’ आणि ती करणारा ‘पारधी’. आता मूळ शब्दच नीतिवाद्यांनी बनविला, की आधीच्या एखाद्या देशी शब्दाला संस्कृत पेहराव चढवून त्यात पाप घुसविले, हा प्रश्न वादाचा आहे. परंतु इतके निश्चित की, पारध्याच्या नावातच त्याच्या धंद्याचा निषेध भरलेला आहे आणि त्याला त्याची वार्ताही नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळीच हा पारधी भेटतो. ‘लीळाचरित्रा’त पारध्यांनी पिटाळलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो, ही लीळा प्रसिद्ध आहे. तेथेही पारधी हा उपदेशाचा विषय आहे, ज्ञानाचा स्वामी म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलेले नाही.

‘शिकार’ आणि ‘शिकणे’ यांचे ध्वनिसाम्य पाहून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना अधूनमधून होतो. तो आवरावा. ‘शिकणे’ हे ‘शिक्ष्’ धातूवरून आले, आणि ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप. म्हणजे ‘करता यावे अशी इच्छा करणे’ हा शिकण्याचा मूळ अर्थ. फारसी शिकारीशी त्याचा काही संबंध नाही. खरा संबंध आहे तो अन्यत्र, एका अत्यंत साध्या शब्दात, आणि तो शब्द म्हणजे ‘माग’.

‘मृग’ म्हणजे आधी कोणतेही रानटी जनावर, मग हरिण. मृगाची जी वाट ती ‘मार्ग’. संस्कृतात पुढे मार्ग राजरस्ता झाला, मोक्षाचाही झाला. परंतु प्राकृत ‘मग्ग’मधून मराठीत उतरलेल्या ‘माग’ या शब्दाने मात्र जुना अर्थ सोडला नाही. माग म्हणजे जाणाऱ्याने मागे ठेवलेली खूण. (विणकराचा माग तो निराळा.) माग काढणे, माग लागणे, माग मोडणे, मागावर असणे, मागमूस, मागोवा हा सारा परिवार त्याच एका घराण्यातला आहे. ‘मागे’ हे अव्ययदेखील मुळात ‘मागात’, म्हणजे कोणाच्या तरी पावलांच्या वाटेवर, असे आहे. आणि ‘मागणे’ म्हणजे शोधीत जाणे. रोजच्या बोलण्यात इतक्या वेळा येणारी ही शब्दसंपत्ती ज्या समाजाने घडविली, त्याला जमिनीवरील खुणा वाचण्याचा सराव फार जुना असला पाहिजे, असे अनुमान करावयास हरकत नाही.

या अनुमानाला इतिहासाचा आधारही आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. त्यात त्याने गावराखणीच्या पद्धतीचे वर्णन केले आहे. गावात चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढीत जावयाचे. तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपली आणि माग पुढच्याच्या हाती गेला; आणि ज्या गावापर्यंत माग निःसंशय पोचला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. पाऊलखुणेचे हे वाचन केवळ रानातल्या चार माणसांचे कसब नव्हते. महसुलाइतक्याच गंभीर व्यवहाराचा तो पाया होता. राखणदाराने वाचलेली पाऊलखूण शेजारच्या गावाने मान्य करावयाची, म्हणजे वाचनाचे काही सर्वमान्य नियमही असले पाहिजेत. ते कोणी लिहून ठेवले नाहीत. लिहिण्याची गरज नव्हती, कारण ज्याला ते ठाऊक असणे आवश्यक होते त्याला ते ठाऊकच होते.

राजदरबारी मृगयेचे चित्र याहून वेगळे दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या वीस विनोदांमध्ये मृगयाविनोद, श्येनविनोद, सारमेयविनोद आणि मत्स्यविनोद यांना स्थान दिले आहे; म्हणजे हरणे, ससाणे, कुत्री आणि मासे, सर्वांची व्यवस्था झाली. मराठ्यांच्या राज्यात जे अठरा कारखाने सांगतात त्यांत शिकारखाना एक आहे. शाहूमहाराज १६८९ ते १७०७ पर्यंत मोगलांच्या छावणीत होते, आणि त्यांचा शिकारीचा नाद सर्वश्रुत आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्यांच्या ‘खंड्या’ नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचविले अशी परंपरा आहे. कुत्र्याचे नाव उरले. त्या दिवशी महाराजांच्या पुढे माग काढीत कोण चालला होता, त्याचे नाव परंपरेने ठेवले नाही. राजाला निगुरेपणाची अडचण कधीच पडत नाही. त्याचे गुरू पगारी असतात, आणि म्हणूनच त्यांना कोणी गुरू म्हणत नाही.

आता महाबळेश्वराकडे वळावे. पीटर लॉडविक हा साताऱ्यास असलेला इंग्रज लष्करी अधिकारी, जो पुढे जनरल झाला, १८२४ मध्ये या डोंगरावर चढला. तेथे पाऊल ठेवणारा तो पहिला युरोपीय असे त्याच्या स्मारकस्तंभाने नोंदविले आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी १८२९ मध्ये करार करून, वाईकडील खंडाळा हे गाव मोबदल्यात देऊन, ही जागा घेतली आणि आरोग्यधाम वसविले. वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याचे अधिकारी येथे येऊ लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खाली उतरू लागले.

शिकारीच्या दृष्टीने या ऋतुक्रमाचे महत्त्व आहे. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर. पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरांच्या घरात, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. फाल्गुन-चैत्रात वरचे झरे आटत जातात, आणि जनावर पाण्याच्या ओढीने ठरावीक पाणवठ्यांवर येते. पाहुणा आला तो नेमका या हंगामात. हे त्याचे सुदैव. दुर्दैव हे की, पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभ्याच्या सड्यावर पाऊल उमटत नाही. खाली कोयनेच्या आणि सोळशीच्या खोऱ्यांत माती आहे, तेथे उमटते. परंतु खोऱ्यात उतरावयाच्या वाटा जावळीच्या किर्र रानातून, जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या गर्दीतून जातात. सड्यावर माग मोडला तर तो पुढे कोणत्या घळीत पुन्हा लागेल, हे जमिनीवरून कळत नाही. ते त्या जनावराच्या सवयी आणि त्या घळी या दोन्ही ठाऊक असलेल्यालाच कळते. कोळी, कुळवाडी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड ही महाबळेश्वरच्या डोंगरातील जुनी वस्ती. धनगराला चराईसाठी आणि धावडाला कोळशासाठी या रानाचा कोपरानकोपरा तुडवावा लागे.

नव्याने आलेल्या इंग्रजाला त्याचेच देशबांधव पहिले वर्षभर ‘ग्रिफिन’ म्हणून हिणवीत. नवशिका, कच्चा, असा त्याचा भावार्थ. या ग्रिफिनासाठी शिकारीच्या ग्रंथांचे एक मोठे वाङ्मय तयार झाले. वॉल्टर कॅम्पबेलचा ‘ओल्ड फॉरेस्ट रेंजर’ १८४२ चा, हेन्री शेक्सपियर या नागपूरकडील लष्करी अधिकाऱ्याचा ‘वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ इंडिया’ १८६० चा, जेम्स फॉरसिथचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ चा. यांतील फॉरसिथचे पुस्तक वाङ्मय म्हणूनही वाचनीय आहे. बंदूक कोणती घ्यावी, दारू किती घालावी, तंबूत काय असावे, जनावराच्या देहावर गोळी कोठे मारावी, हे असे वाङ्मय उत्तम शिकविते. पुस्तकातून शिकता येईल ते सारे त्यात आहे. पण गोळी मारण्यापूर्वी जनावर दिसावे लागते, आणि तेथपर्यंत पुस्तक नेत नाही. तेथपर्यंत नेणाऱ्याला या ग्रंथांत जे नाव आहे, त्यातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा आंग्ल-भारतीय शब्दांचा कोश १८८६ मध्ये निघाला. ‘शिकारी’ या शब्दाला तो तीन अर्थ देतो. पहिला अर्थ, स्वतः शिकार आणून देणारा अथवा युरोपीय शिकाऱ्याबरोबर वाटाड्या व मदतनीस म्हणून जाणारा देशी जाणकार. दुसरा अर्थ, खुद्द युरोपीय शिकारी. तिसरा काश्मिरातील एका नावेसंबंधी आहे, तो येथे अप्रस्तुत. कोशकारांनी हे अर्थ एकाखाली एक मांडले आणि ते पुढे गेले. परंतु या दोन ओळींच्या मधल्या जागेत एक मोठे स्थित्यंतर घडले आहे. शिकविणाऱ्याला जे नाव होते तेच शिकणाऱ्याने घेतले. शिष्याने गुरूचे नाव लावणे आपल्याकडे नवीन नाही; संगीतात तर तो अभिमानाचा विषय आहे. मात्र तेथे गुरूचे नाव घेतल्यावर गुरू मोठा होतो. येथे उलटे झाले. एकाच शब्दाचा एक अर्थ रोजावर राबणाऱ्या माणसाकडे राहिला आणि दुसरा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेला.

एवढ्यावरून इंग्रज शिकाऱ्यांवर कृतघ्नतेचा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या वाटाड्यांच्या कसबाची मनापासून तारीफ केली आहे. पण तारीफ ज्या जातीची आहे तिकडे पाहावे. वाटाड्याची दृष्टी घारीसारखी, कान हरणासारखे, असे तिचे वळण असते. म्हणजे जे ज्ञान होते ते इंद्रियांच्या तीक्ष्णतेच्या खाती जमा होते. शिकलेली गोष्ट उपजत ठरली की तिला शिकविणाऱ्याची परंपरा होती हे सांगण्याची गरजच उरत नाही. मागाच्या विद्येचा निगुरा इतिहास लिहिला गेला तो अशा रीतीने.

शब्दच न कळल्यामुळे नवशिक्याची कशी फसगत होई, याचे उत्तम उदाहरण ‘वाघ’ या शब्दात आहे. खेडुताच्या बोलीत वाघ हा एका प्राण्यापुरता मर्यादित शब्द नाही. पट्ट्यांचा तो ढाण्या वाघ, ठिपक्यांचा तो बिबळ्या वाघ. आणि घाईत वा भीतीत दोघेही नुसते वाघ, कित्येकदा ‘वाघरू’. त्यात पुन्हा रानात त्याचे नाव उच्चारू नये असा संकेत. ‘मोठे जनावर’ एवढेच म्हणावयाचे. ‘खाली घळीत वाघ आहे’ हे ऐकून जो पुस्तक उघडील त्याला तेथे दोन वेगळी प्रकरणे सापडणार, आणि कोणते वाचावे हे सांगणार कोण? खेडुताला संदिग्धता जाणवत नसे, कारण घळ कोणती, वेळ कोणती, आणि कुत्रे गेले की म्हैस गेली, यावरून ऐकणाऱ्याला उरलेला अर्थ कळत असे. वाक्याचा निम्मा अर्थ डोंगरात होता. उलट, इंग्रजीचा काटेकोरपणाही दिसतो तितका भरवशाचा नव्हता. स्टर्नडेलने १८८४ च्या आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात लहान आणि मोठ्या बिबळ्यांना दोन स्वतंत्र जाती मानले. आज ती एकच जाती मानतात. आणि गव्याला सर्रास ‘बायसन’ म्हणत, जो प्राणी भारतात कधी नव्हताच. कोयनेच्या खोऱ्यातील गुराख्याने गव्याला कधी दुसऱ्या कशाचे नाव दिले नाही.

हाक्याच्या शिकारीत ही देवघेव अधिक स्पष्ट दिसते. ‘हाका’ हा प्राकृत ‘हक्क’ या शब्दाशी जोडलेला, हाक मारण्याच्याच कुळातला. हाकारे रान उठवीत येतात आणि जनावर मोक्याच्या वाटेवर बसलेल्या बंदुकीकडे वळविले जाते. जनावर कोणत्या खिंडीने निसटेल, वारा कोणीकडून आहे, अमुक झाडीत दोन माणसे नुसती खोकत उभी केली की पुरे, हा सारा विचार हाक्याच्या म्होरक्याने आधी केलेला असे. साहेबाने करावयाचे ते शेवटचे एक काम. त्या कामाला धैर्य आणि नेम लागतो हे खरेच. परंतु शिकार या शब्दाने जर सबंध क्रियेचा बोध व्हावयाचा असेल, तर त्या दिवशीचा शिकारी कोण, हा प्रश्न भाषाशास्त्राचाही आहे.

येथे एकलव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. गुरूवाचून शिकलेल्याचा आदर्श म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण आदिपर्वातील कथा नीट वाचली तर दिसते की, एकलव्य हा निषादराजाचा मुलगा. रान त्याला कोणी शिकवावयाचे राहिले नव्हते. द्रोणाकडे तो गेला तो धनुर्वेदासाठी. उलट, मृगयेला निघालेल्या राजपुत्रांच्या कुत्र्यानेच त्याला शोधून काढले आणि त्याच्यावर भुंकून आपले तोंड बाणांनी भरून घेतले. रानात निगुरे कोण होते, हे त्या प्रसंगी व्यासांनी न बोलता सांगितले आहे. आणि अंगठा गेला तो कोणाचा, हेही सर्वांना ठाऊक आहे.

अंगठा मागण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकात कायद्याने झाला. १८७८ या एकाच वर्षी वन अधिनियम आणि शस्त्र अधिनियम हे दोन कायदे आले. पहिल्याने राखीव रानात पाऊल टाकणे, लाकूड तोडणे, शिकार करणे हे सरकारच्या परवानगीवर अवलंबून ठेविले. दुसऱ्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने मिळत, हे नमूद केले पाहिजे. पण ते मर्यादित होते. महाबळेश्वरच्या धावडांच्या भट्ट्या जळणाच्या निर्बंधांमुळे त्याआधीच थंडावल्या होत्या. वागुरा लावून ससे धरण्याची रीतही अशीच मागे हटली. संस्कृत ‘वागुरा’ मराठीत ‘वाघूर’, ‘वाघर’ झाली, आणि धनगराच्या तोंडी आज वाघर म्हणजे मेंढरे कोंडण्याची जाळी. पकडण्याचे साधन राखण्याचे झाले. शब्दाने मात्र आपले मूळ लपविले नाही. फासेपाऱ्ध्यांच्या वाट्याला तर याहून कठोर दैव आले. त्यांच्या फासाचे कसब ज्या नावाने ओळखले जाई, तेच नाव गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले, आणि तो शिक्का कायद्याने पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हौशी शिकारीचा अध्याय संपविला. तो संपणे आवश्यकच होते. सह्याद्रीत वाघ किती उरले होते हे पाहता याविषयी दुमत होऊ नये. मात्र शिकारीबरोबर मागाची विद्याही संपली पाहिजे असे त्यातून निष्पन्न होत नाही. या विद्येकडे विद्या म्हणून पाहण्याचे काम मराठीत प्रथम साहित्यिकांनी केले, विद्यापीठांनी नव्हे. माणदेशातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर हे स्वतः बंदूक घेऊन हिंडलेले; पुढे ती ठेवून ते नुसते पाहू लागले, आणि ‘नागझिरा’ (१९७९), ‘सत्तांतर’ (१९८२) ही पुस्तके त्या पाहण्यातून आली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले आणि त्यांचे कोश केले. दोघांच्याही लेखनात रानातला सोबती भाडोत्री वाटाड्या राहत नाही. तो बोलतो, चूक दाखवितो, क्वचित हसतोही. गुरूला त्याचे नाव परत देण्याचा हा प्रकार आहे. तथापि चितमपल्लींचे मुख्य क्षेत्र विदर्भ. जावळी-कोयनेच्या खोऱ्यातील धनगर आणि कोळी यांच्या शब्दांचा तितक्याच चिकाटीने केलेला संग्रह हवा आहे, आणि कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून, गावे उठत असताना, त्या कामाची निकड वाढली आहे. रानातून गाव उठले की घळीचे नाव प्रथम जाते.

प्रकल्पातल्या नव्या वनरक्षकाला आज जनावराच्या पायाचा ठसा ओळखावा लागतो. त्या ठशाला त्याच्या खात्यात ‘पगमार्क’ म्हणतात, आणि मराठी वृत्तपत्रांतही हाच शब्द रूढ झाला आहे. तो इंग्रजी समजला जातो. वस्तुतः त्यातील ‘पग’ हा हिंदी, पाऊल या अर्थाचा. इंग्रज शिकाऱ्यांनी तो आपल्या वाटाड्यांच्या तोंडून उचलला. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये तो आहे, आणि त्याच्याच शेजारी ‘पगी’ हा शब्दही आहे. पगी म्हणजे पावलांवरून चोराचा माग काढणारा, विशेषतः गुजरातेतला. एल्फिन्स्टनने वर्णिलेल्या राखणदाराचाच हा भाऊबंद. पग इंग्रजीत गेला आणि शेपटास ‘मार्क’ लावून परत आला. पगी कोशातच राहिला. महाबळेश्वरच्या खालच्या खोऱ्यांतील म्हाताऱ्या धनगराला मात्र पगमार्क विचारला तर तो क्षणभर थांबतो. माग म्हटले की चालू लागतो.